बोडीटोल्याच्या दामिनीस जिवंत धरण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
कर्करुग्ण बालक आधार केंद्र,
धानोरा.

विषय : कु. दामिनी इस्तारी मारभते, वय ९, ही जिवंत असूनही आपल्या नोंदीत मृत असल्याने, नागपूरच्या धर्मशाळेत राहण्यासाठीचे शिफारसपत्र पूर्ववत मिळणेबाबत.
संदर्भ : आपले शोकपत्र, दि. २६ मे २०२५.

महोदय,

या अर्जात एका जिवंत मुलीच्या कागदोपत्री मरणाची खरी हकीकत क्रमवार निवेदन केली जाईल. ती साहेबांनी शेवटपर्यंत वाचावी, ही आरंभीच विनंती.

१. अर्जदार इस्तारी नथ्थू मारभते हा बोडीटोल्याच्या तळ्यात मासे धरून संसार करणारा, सातवी उत्तीर्ण इसम आहे. त्याची कन्या दामिनी हिला रक्ताचा कर्करोग असून नागपुरास औषधोपचार चालू आहे. औषधाने तिचे केस गळाले. तिने आरसा पालथा घातला व घराबाहेर पडणे सोडले. तेव्हा अर्जदार व त्याचे अकरा भाऊबंद तळ्याच्या पाळीवर न्हाव्यापुढे ओळीने बसले आणि सर्वांनी डोकी भादरून घेतली. त्या दिवशी दामिनी बाहेर आली व हसून म्हणाली, "बाबा, तुमचं डोस्कं तं वाकडं हाय!"

२. त्याच समयी आपले विद्वान सर्वेक्षक श्री. राजदीप हे मोटारसायकलने तेथून जात होते. बारा मुंडणे पाहताच त्यांनी मुलगी वारल्याचे ताडले व गाडीवरून न उतरता 'मृत' अशी नोंद केली. आमच्यात सुतकात मिशाही उतरवतात. येथे बाराच्या बारा मिशा जागेवर होत्या. त्या दिसण्यास विद्वत्ता नव्हे, केवळ डोळे लागतात.

३. मग शोकपत्र आले व शिफारसपत्र रद्द झाले. अर्जदार केंद्रात गेला असता लिपिक मोनालीबाई म्हणाल्या, "इस्तारीभाऊ, पोरगी जिती हाय म्हनता, तं मंग टक्कल काऊन केलं? आता मृत्यूचा दाखला आना. जुनी फाइल बंद झाल्याबिगर नवी उघडत नाई." अर्जदार आज्ञाधारकपणे ग्रामसेवक दसरूभाऊंकडे गेला. ते म्हणाले, "पोरगी आंगनात खेळून राह्यली ना भाऊ! कोनाचा दाखला देऊ?" या संपूर्ण प्रकरणात स्वतःच्या डोळ्यांचा वापर करणारे हे एकमेव कर्मचारी होत.

४. आता मुलगी जिवंत असल्याची खात्री करण्यासाठी तिला १८ जून रोजी आपल्या केंद्राच्या समितीपुढे सभागृहात हजर करण्याचा हुकूम आला आहे. त्याच दिवशी तिची नागपुरास औषधाची पाळी आहे, आणि गर्दीत नेण्यास डॉक्टरांची मनाई आहे. मागील खेपेस शिफारसपत्राअभावी मायलेकी दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिल्या. तिला ताप चढला व औषध लांबले. पुन्हा तसे घडल्यास आपली नोंद खरी ठरेल. ती खरी करून देण्याची अर्जदाराची तयारी नाही.

५. आपल्या फलकावर 'जगातील प्रत्येक कर्करुग्ण बालक आमचे' असे लिहिले आहे. बोडीटोला हा जगातच मोडतो, असा अर्जदाराचा नम्र समज आहे. सबब, दामिनी तिची आई चंदाबाई हिच्यासह १७ जून रोजी सकाळी सात वाजता धानोऱ्याच्या बसथांब्यावर, तोंडास मास्क लावून, उभी राहील. समितीने पाच हात अंतरावरून तिला पाहावे व शिफारसपत्र तिच्याच हाती द्यावे. कोणी न आल्यास बस थांबणार नाही, आणि मयत मुलगी खिडकीशी बसून नागपुरास जाईल.

दि. १३ जून २०२५

आपला नम्र,
इस्तारी नथ्थू मारभते
रा. बोडीटोला, ता. धानोरा

साहेबांच्या आधी ज्या ज्या टेबलावर हा अर्ज वाचला जाईल, तेथील समस्त वाचकांचे आभार.