फॉर्मवर नसलेला शब्द

प्रिय ताई,

लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरा आहे. खोलीतला हीटर एकदाचा दुरुस्त झाला. आईचा गुडघा काय म्हणतो?

मागच्या महिन्यात छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर माझी डाव्या हाताची करंगळी गेली. घाबरू नकोस, जखम भरलीय.

कळवायला इथे इंग्रजी शब्द मात्र ढीगभर. फोरमनने साहेबांना ‘रिपोर्ट’ केलं, ऑफिसने विमावाल्यांना ‘नोटिफाय’ केलं. मशीनला जाळी बसणार, हे बोर्डावर ‘अनाउन्स’ झालं. विम्याच्या फॉर्मवर शेवटी होतं, घरच्यांना ‘इन्फॉर्म’ केलं का? मी ‘हो’ लिहून मोकळा झालो.

काल शेवटची पट्टी काढताना नर्सबाईंनी सहज विचारलं, “आईला ‘टेल’ केलंस ना?” मला खोटं बोलता येईना. एवढासा शब्द, पण फॉर्मवर तो कुठेच नव्हता.

म्हणून हे पत्र. आईला वाचून दाखवू नकोस. ती भाजी निवडत असेल तेव्हा शेजारी बस आणि आपल्या तोंडाने सांग. उजवा हात धड आहे, हे आधी सांग.

ती विचारेल, फार दुखलं का? हो म्हण. तेवढं मी अजून कुणालाच कळवलेलं नाही.

तुझा धाकटा,
नऊ बोटांनिशी