डझनभर फोनांची हजेरी

३ नोव्हेंबर, सोमवार

न्हाई, मला कुणी गळ घातलेली न्हाई. मीच म्हणालो, माणसं मी देतो. रिकामा बसतो म्हणून न्हवं. घरातलं काम अडलं तर घरातल्यानं उठावं, एवढंच.

काम असं. रेवतीचं एक अॅप हाय. रेवती म्हणजे सूनबाई, लातूरकडची, कॉलेजात शिकवते. पोरं त्यात संशोधनाचे कागद वाचतात. जाडजूड, इंग्रजी. एकदा उतरवून घेतले की रेंज नसली तरी वाचता येतात, बाजूला आपली टिपणं लिहिता येतात. जुन्नर, घोडेगावकडची पोरं वापरतात, ज्यांच्याकडं फोन सोडून दुसरं काही न्हाई. फुकट हाय. लग्नाआधीपासनं तिनं हे एकच धरून ठेवलंय.

आता फोनातलं ते दुकान, जिथनं अॅप उतरवतात, त्यांनी कळवलं. नव्या फोनांजोगं करा, न्हाईतर काढून टाकू. त्यात तिचा जोडीदार परदेशी गेला, खातं त्याच्या नावावर व्हतं, ते तिच्या नावावर करायला लागलं. नवीन खातं म्हणून वर आणखी एक अट. डझनभर माणसांनी दोन आठवडे वापरून दाखवायचं. मंगच दार उघडणार. कसलं दुकान हे.

सचिन, माझा पोरगा, म्हणाला, "माझ्या शिफ्टमधली पोरं घेऊ."

मी म्हणालो, "त्यांना मान वर करायला वेळ न्हाई. माझी पारावरची मंडळी हायेत."

रेवती (पुढं नुसतं रे. लिहितो) म्हणाली, "तात्या, रोज उघडून बघावं लागतंय बरं. नुसतं ठेवून चालत नाही."

"कंपनीत अख्खी लाइन चालवलीय मी. माणसं कशी हाकायची मला सांगू नको."

जरा जोरात बोललो. असो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पारावर बसून सगळ्यांच्या फोनात घातलं. रे. स्वतः आलेली. एकेकाचा फोन घेऊन गोड बोलून समजावत व्हती. हे इथं दाबा काका, हा कागद उघडा, खाली जा, काही अडलं तर मला सांगा, तेच महत्त्वाचं.

बबन म्हणाला, "पोरी, कांद्याचा भाव दावतंय का ह्यात?"

"भाव नाही काका. कांदा साठवणीत का सडतो, त्याचा कागद हाय बघा."

"आता ते आमाला इचार की! कागद कशाला पायजे?"

सगळे हसले. ती पण. बबन आणि मी पत्रा दाबायच्या एकाच प्रेसवर व्हतो, भोसरीत आधी, मंग चाकणला. त्याचा फोन म्हणजे नातीनं टाकून दिलेला. काच तडकलेली, रबर लावून धरलेला.

९ नोव्हेंबर, रविवार

एकजण उघडत न्हाई. इचारलं की "उद्या बघू." एकानं तर काढूनच टाकलं, नातवाचा गेम मावंना म्हणून. परत घालून घेतलं.

रोज प्रत्येकाच्या मागं कोण लागणार. आपली जुनी पद्धत काढली. कंपनीत पंचिंगला रांग लागायची तवा एकजण सगळ्या टोळीची कार्डं मारायचा. मीच मारायचो. साहेबाला माहीत असायचं, तो पण बघायचा न्हाई. माल निघाल्याशी मतलब.

देवळाच्या कामाचं एक घमेलं पडलेलं. धुतलं. म्हणालो, फोन टाका ह्यात. एकेक काढला, अॅप उघडलं, बंद केलं, परत घमेल्यात. चहा यायच्या आत सगळ्यांची हजेरी लागली.

बबन म्हणाला, "तात्या, रिटायर झाला तरी सुधारला न्हाईस."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हजेरी बिनबोभाट. आज कागद पण उघडून बघितला एकेकाच्यात. बबनच्या फोनात कागदच न्हाई. नाव येतंय, खाली सगळं पांढरं.

बबन वाकून बघत व्हता. "आरं, पांढरं फटक हाय की. सांग सूनबाईला."

"तुझा फोनच भंगारातला."

"बाकीचं दिसतंय की त्यात. हेच न्हाई दिसत."

"तिला आधीच डोक्याला ताप कमी हाय का? एका फोनापायी उगा बोभाटा."

खाली प्रश्न येतो, सगळं नीट चाललंय का. "ठीक" दाबलं आणि फोन घमेल्यात टाकला. बबन तंबाखू मळत बसला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रे. नं जेवताना इचारलं, कुणाला काही अडलं का, दुकानवाले लिहून मागतात, लोकांनी काय सांगितलं आणि तुमी काय सुधारलं.

मी म्हणालो, "काही अडलं न्हाई. झकास चाललंय."

"एकालाही नाही?"

"न्हाई म्हणालो ना."

"तात्या, तुमची माणसं फार शिस्तीची. माझे विद्यार्थीसुद्धा इतकं नियमानं उघडत नाहीत."

सचिन म्हणाला, "मंग! तात्यांची टीम हाय."

भाकरी मोडून घेतली अजून एक. भूक न्हवती खरं तर.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अट पुरी. रे. नं दुकानाकडं पाठवलं. पारावर घमेलं घेऊन जायचं काम संपलं. मंडळी म्हणाली, आता काय उद्योग?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पास झालं! नवीन अॅप सगळ्यांच्या फोनात आपोआप जाणार, जुनं निघून. रे. नं शिरा केला. डबा भरून मला दिला, "पारावर न्या, त्यांच्यामुळं झालं." नेला. बबननं दोनदा घेतला. म्हणाला, "माझ्या फोनातलं दुरुस्त केलं का मंग तिनं?"

मी म्हणालो, "व्हय व्हय."

हे कशाला म्हणालो कळत न्हाई.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळपासनं तिचा फोन वाजतोय. पोरांना कागद दिसत न्हाईत. पांढरं पान. सगळ्यांना न्हाई, काहींना. एका पोरीचा आवाज मोठा व्हता, मला पडवीत ऐकू आला. "मॅडम, माझी सगळी टिपणं त्यात हायत, परवा सेमिनार हाय." रडत व्हती. रे. तिला धीर देत व्हती.

दुकानात लोक एकेकच तारा देऊन शिव्या लिहायला लागलेत. सचिननं वाचून दाखवल्या. मी म्हणालो, बंद कर ते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कॉलेजला रजा टाकली तिनं. तिच्या फोनात नीट चालतंय. सचिनच्यात नीट. माझ्यात नीट. कुठल्या फोनात बिघडतंय तेच हाताला लागंना. पोरांना फोन पाठवा म्हणावं तर लांब, आणि तेवढाच एक फोन त्यांच्याकडं.

सचिनला म्हणाली, "इतक्या लोकांनी दोन आठवडे वापरलं. त्यात हे निघायलाच पाहिजे होतं. निघालं नाही म्हणजे शेवटच्या दिवशी मीच काहीतरी बिघडवलं."

मी तिथंच व्हतो. पेपर हातात. उलटा न्हवता, पण एक अक्षर वाचलं न्हाई.

सांगायला काय लागतंय? बबनचा फोन घे, एवढे तीन शब्द. जिभेवर आले आणि...

३० नोव्हेंबर, रविवार

त्या पोरीचा सेमिनार काल झाला. कसा झाला रे. नं सांगितलं न्हाई. मी इचारलं न्हाई.

काल रात्री दुकानाचं पत्र आलं. तक्रारी फार, लवकर दुरुस्त करा, न्हाईतर यादीतून काढू. रे. जेवली न्हाई. म्हणाली, "आता मीच काढून टाकते. लोकांना फसवण्यापेक्षा नसलेलं बरं."

सकाळी तडक बबनकडं गेलो. म्हणालो, तुझा फोन दे दोन दिवस, सूनबाई नीट करून देईल. त्यानं रबरासकट दिला.

घरी येऊन तिच्या टेबलावर ठेवला. म्हणालो, "बबनचा फोन बिघडलाय जरा. बघ सवडीनं." आणि बाहेर पडलो, जसं काही मला दुसरं काम हाय. इंद्रायणीच्या पुलापर्यंत उगाच चालत गेलो. माझ्यापरीस चोर बरा.

परत आलो तर दारातच उभी. डोळ्यात पाणी, पण हसत. "तात्या, सापडलं! याच्यात पांढरं येतंय! जुन्या फोनांत कागद उघडणारा भागच जुना असतो, ते माझ्या ध्यानात नव्हतं. देवासारखे फोन घेऊन आलात."

देवासारखा म्हणं.

१ डिसेंबर, सोमवार

एका दिवसात दुरुस्त केलं तिनं. एका दिवसात. त्या दिवशी सांगितलं असतं तर त्या दिवशीच झालं असतं.

रात्रीची भांडी लावताना म्हणाली, "पण तात्या, हा फोन टेस्टिंगमध्ये होता ना? काकांना तेव्हाच पांढरं दिसलं असणार. त्यांनी सांगितलं कसं नाही?"

मी म्हणालो, "बबनला काय कळतंय त्यातलं."

असं म्हणालो मी. मागनं कुणी ढकललं न्हवतं. बबनला, ज्यानं वाकून दाखवलं व्हतं, सांग म्हणाला व्हता.

४ डिसेंबर, गुरुवार

बबनचा फोन त्याला परत पोचवलेला. आज रे. नं त्याला फोन लावला. तो पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात बायकोच्या औषधांच्या रांगेत. ती चिडून बोलली न्हाई, तिचा स्वभावच न्हाई तो. "काका, पुढच्या वेळी काही वेगळं दिसलं की लगेच सांगा हं. लहान वाटलं तरी." फोन स्पीकरवर व्हता. रांगेचा गलका, नंबर पुकारतायत. मला वाटलं आता बोलणार हा. बोलून टाक म्हणालो मनात.

बबन म्हणाला, "व्हय पोरी. माझंच ध्यान न्हवतं बघ. म्हाताऱ्या मानसाचं काय, ऱ्हाऊन गेलं."

मी उठून नळाखाली तोंड धुतलं.

६ डिसेंबर, शनिवार

पारावर गेलो. बबन एकटाच.

"तात्या, म्या तुला म्हनलं व्हतं का न्हाई?"

"म्हणाला व्हतास."

"बास. तेवढंच इचारायचं व्हतं."

मंग दुसऱ्याच गप्पा. कंपनीवाल्यांनी नवीन रोबोट आणलाय, भावकीतल्या पोराचं जमलं, असलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आमी प्रेसवर असताना याची दोन बोटं जाता जाता वाचली, तवा मी बटण दाबून मशीन थांबवलं. तेवढ्यावर हा जन्मभर माझं ऐकत आलाय. मी त्याच्या फोनाला भंगार म्हणालो.

९ डिसेंबर, मंगळवार

दुरुस्त केलेलं दुकानानं घेतलं न्हाई अजून. तक्रारींमुळं परत तपासणी. रे. ला आता धोका नको. म्हणाली, यावेळी आधी आपल्याच माणसांकडनं नीट वापरून घेते, मंगच सोडते. ज्याचे त्याचे फोन ज्यानं त्यानं वापरायचे, आणि ती स्वतः पारावर येऊन प्रत्येकाला इचारणार.

जेवताना नावं काढत बसली. सगळे घेतले. बबनपाशी थांबली.

"बबनकाकांना राहू द्या या वेळी. त्यांना जमायलं नाही. उगाच त्यांनाही त्रास." सचिन पण म्हणाला, "व्हय, त्याच्यामुळंच झालं सगळं."

मी पाणी पीत व्हतो.

११ डिसेंबर, गुरुवार

रे. आली पारावर. एकेकाच्या शेजारी बसून फोन बघत, इचारत. सगळे पुढं सरकून बसलेले, जावयागत. बबन कडेला. ती येताना दिसली तसा त्यानं खिशातनं फोन काढला, रबर सोडलं, धोतराला काच पुसली, आणि हातात धरून बसला. तिनं नमस्कार केला, "कसे आहात काका, काकूंची तब्येत?" आणि पुढच्याकडं गेली.

त्यानं रबर परत लावलं. दोन वेढे. फोन खिशात.

माझ्याकडं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर मी काय करणार व्हतो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सचिन दुसऱ्या शिफ्टला. घरात आमी दोघंच. रे. मेथी निवडत व्हती, मांडीवर ताट. मी समोर जाऊन बसलो. मी कधी तिच्यासमोर असा बसत न्हाई.

"काय तात्या, चहा टाकू?"

"चहा नको."

"मग?"

"बबनचं एक हाय."

तिनं हातातली काडी खाली ठेवली. "काय झालं काकांना?"

"त्याला काही झालं न्हाई. त्यानं तवाच सांगितलं व्हतं, मला," म्हणालो.

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. मी पण बघितलं.

पुढं काय बोललो, तिनं काय म्हटलं, ते मी इथं लिहिणार न्हाई. कुणी इचारलं तरी सांगणार न्हाई.