सीटला पडलेला खळगा

ती. वन्सं यांना,

भावजयीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, तिकडचं तुम्ही कळवा. गुडघा कसा आहे? मागच्या वेळी फोनवर म्हणालात की उठता-बसता आतून कटकट आवाज येतो. असा आवाज आमच्या गाडीतून आला असता तर तुमच्या बंधूंनी गाडी त्याच आठवड्यात विकून टाकली असती. तेव्हा तो गुडघा तुमच्याकडे आहे हे त्याचं नशीब समजा, आणि शेकत जा.

त्याच फोनवर तुम्ही आणखी दोन गोष्टी म्हणालात. एक, आमच्या दारात सारखी नवी गाडी दिसते ती माझ्या हौसेपायी. दुसरी, तुमचा भाऊ हल्ली किती शांत झालाय, किती गोड बोलतो, मध्येच कुणाला तोडत नाही, अगदी सुधारला. मी तेव्हा हसून घेतलं, कारण हे शेजारीच बसले होते आणि टेबलावरच्या कपाकडे परक्या घरी बसल्यासारखे बघत होते. पण वन्सं, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकच आहे. आणि तिच्यात माझा काडीचा वाटा नाही. मी लग्नात आणलेली कात्री अजून वापरते. माझी हौस असती तर एक पांढरी गाडी घेऊन ती गंजून अंगणात बसेपर्यंत चालवली असती.

उलट मला तर आमची गाडी ओळखूच येत नाही. रंग पाठ होतो तोवर ती गेलेली असते. एकदा बाजाराबाहेर मी नेहमीप्रमाणे दार उघडून आत बसले आणि पिशवीतले वाटाणे सोलायला घेतले. शेजारी माणूस येऊन बसला, त्याने गाडी चालू केली, आणि पुढच्या चौकापर्यंत आम्हा दोघांच्याही काही लक्षात आलं नाही. (त्याचीही बायको बोलत नसावी.) लक्षात आल्यावर तो इतका घाबरला की मलाच त्याला पाणी द्यावं लागलं. वाटाण्यांची सालं त्याच्या गाडीत राहिली, त्याचं घरी काय झालं असेल देव जाणे.

तर या वेडाची रीत सांगते. नवी गाडी आली की हे पोरासारखे होतात. सीटवरचं प्लॅस्टिक कुणाला काढू देत नाहीत, आत कुणी शिंकलं तरी खिडकी उघडतात. मग प्लॅस्टिक फाटतं. मग हळूहळू सीटला यांच्या पाठीचा खळगा पडतो. आणि एक दिवस हे दुकानात येतात, गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या काचा पुसतापुसता माझ्याकडे न बघता म्हणतात, “हिने मला ओळखलं.” बस्स. लगेच भोवऱ्याला फोन. (भोवरा म्हणजे जुन्या गाड्यांचा दलाल. बोलताना स्वतःभोवती फिरत राहतो म्हणून मी ठेवलेलं नाव.) एकदा मी चिडून विचारलं, अहो, गाडीने ओळखलं तर बिघडलं कुठे, मीही ओळखतेच की. तर म्हणाले, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघतो, तेही माझ्या डोळ्यांत बघतात, निदान गाडीत तरी कुणी मला ओळखू नये. मी फ्रेमा लावत बसले.

पहिल्यांदा गेलं ते घोरणं. निळी गाडी एका शिंप्याने नेली आणि त्या रात्रीपासून आमच्याकडे शांतता. तुम्हाला ते घोरणं माहीत आहे, लहानपणी तुम्ही भिंतीला उशी लावून झोपायचात म्हणे. मध्येच थांबतं, आपला जीव टांगणीला, आणि मग बारीक शिट्टी. मी खूश. पण झोप मात्र येईना. शांततेत मी नुसती थांबून राहायची, आता शिट्टी वाजेल, आता वाजेल. पुढे पडदे शिवायला त्याच शिंप्याकडे गेले, तर भरदुपारी आतल्या खोलीतून तेच घोरणं. तसंच थांबणं, तशीच शिट्टी. शिंपीण कपाळाला हात लावून म्हणाली, गाडी घेतली तेव्हापासून लागलंय हे, आधी कधी नव्हतं. मी स्टुलावर बसून ऐकत राहिले आणि वन्सं, तिथेच गाढ झोपले. तिने चहा देऊन उठवलं. तेव्हापासून मी सारखे पडदे शिवायला टाकते. आमच्या घरात आता खिडक्यांपेक्षा पडदे जास्त आहेत. माझ्या हौसेचं म्हणत होतात ना, ती हौस ही.

तेव्हा मी योगायोग म्हटलं. मग हसणं गेलं. यांचं हसणं म्हणजे आधी नुसते खांदे हलणार, आवाज नाही, आणि मग हातपंपाने हवा ओढावी तसा एक मोठा ओढा. एक गाडी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी घेतली होती. शिस्तीच्या बाई, त्यांच्या सावलीलासुद्धा इस्त्री असते. त्या चष्म्याचा नंबर तपासायला आल्या, मी काहीतरी साधंसं बोलले, आणि बाईंचे खांदे हलायला लागले. मी हातातली फ्रेम खाली ठेवली. मग तो ओढा आला. अगदी तोच. बाईंनी तोंडावर रुमाल दाबला, आणि रुमालाच्या वर दिसणारे त्यांचे डोळे इतके भेदरलेले होते की मला त्यांचीच कीव आली. प्रार्थनेच्या वेळीसुद्धा येतं, म्हणाल्या. हे समोरच उभे होते. त्यांनी त्या हसण्याकडे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, आपल्याला दम्याचा त्रास आहे का?

तुमचंही गेलंय, वन्सं. हनुवटीवरचा तो व्रण, तुम्ही झोपाळ्यावरून ढकललंत तेव्हाचा. हे दर जेवणाला ती गोष्ट सांगायचे, पाहुणे नसले तर मला सांगायचे. लाल गाडी गेली आणि गोष्ट बंद. मी मुद्दाम विचारलं, हा व्रण कशाचा हो? तर आरशात बघून म्हणाले, कुठेतरी लागलं असेल. लाल गाडी कोणी नेली ते भोवऱ्यालाही आठवत नाही. या जगात कुणीतरी एक अनोळखी माणूस दर जेवणाला सांगत असेल की ताईने मला झोपाळ्यावरून ढकललं, आणि त्याला ताई असेलच असंही नाही.

पण खरी घाबरले ते दाताच्या डॉक्टरकडे. पोरगेलासा डॉक्टर, यांच्याच एका गाडीतून फिरतो. मी खुर्चीत आडवी, तोंडात कापूस कोंबलेला, तो यंत्र घेऊन वाकला आणि त्याने मला नावाने हाक मारली. कागदावरच्या नावाने नाही. जे नाव हे फक्त घरात, दार लावल्यावर घेतात त्या नावाने. (ते इथे लिहिणार नाही. तुम्ही हसाल.) आणि मी सवयीने, कापसातूनच, “ओ” दिली. यंत्र तसंच फिरत राहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाला, माफ करा, हे नाव गाडी घेतल्यापासून जिभेवर येतं, कुणाचं आहे मला माहीत नाही, माझ्या हाताखालच्या बाईंना एकदा चुकून त्याच नावाने हाक मारली तर त्या नोकरी सोडून गेल्या. मी दात तसाच ठेवून घरी आले. दार लावलं आणि वाट बघत बसले, हे आता हाक मारतील. हे आले, चपला नीट लावल्या आणि मला म्हणाले, आपण जेवायचं का?

आता तुम्ही म्हणता तो सुधारलेला भाऊ तो हा. चहा दिला तर “आभारी आहे” म्हणतो. मला अहो-जाहो करतो. दुकानात पूर्वी एखादे आजोबा भिंतीवरच्या अक्षरांत अडखळले, की हे त्यांच्यामागे उभं राहून ओठ हलवून उत्तर पुरवायचे (आणि मग चुकीचा चष्मा बनला म्हणून माझ्याशी भांडायचे). आता बरोबर तेवढंच विचारतात आणि बरोबर चष्मे बनतात. दुकानाचं नाव झालंय. मला मात्र त्यांच्याशी भांडायची इतकी आठवण येते की परवा मीच भांडण काढलं, तर ते शांतपणे माझ्याच बाजूने बोलले. मी मोरीत जाऊन रडले. सगळा माणूस असा गावभर वाटला गेलाय आणि घरी जो येतो तो स्वभावाने फार चांगला आहे, वन्सं, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

सध्या राखाडी गाडी आहे. काल गाडी पुसायच्या निमित्ताने मी त्यांच्या सीटवर हात फिरवला. खळगा पडलाय.

बाकी विशेष नाही. गुडघ्यावर वजन देऊ नका, जिना चढताना कठडा धरा. घरी सर्वांना विचारलं म्हणून सांगा.

तुमची (अजून तरी) भावजय

ता. क. पत्र खरं तर यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण वर कुठे बसवता आलं नाही. राखाडी गाडी तुम्ही घ्या. तुम्हाला गाडी येत नाही हे माहीत आहे, शिका. हिला क्लच नाही, डाव्या गुडघ्याला काही काम नाही. कारण सांगते. यांच्यात आता एकच गोष्ट उरलीय. मध्येच ब्रेक लागला की यांचा हात माझ्यासमोर आडवा येतो, मी पुढे आपटू नये म्हणून. बघतही नाहीत, बोलणं चालूच असतं, हात आपोआप येतो. सगळ्या गाड्या गेल्या तरी तो हात टिकलाय. पण ही गाडी तर मी हट्टाने गर्दीच्या रस्त्यानेच न्यायला लावते त्यांना, सारखे ब्रेक, सारखा हात. त्यामुळे माझ्याच मूर्खपणाने तोच आता या सीटमध्ये मुरला असणार. गाडी परक्याकडे गेली तर हात परक्याकडे जाईल. मीच घ्यावी म्हणाल, तर मला त्याचा काय उपयोग? आपलाच हात आपल्यासमोर कोण धरतं. तुम्ही घ्या. आपलं फारसं जमलं नाही कधी, ते राहू दे. महिन्यातून एकदा मला शेजारी बसवा, कुठेही न्या आणि एक जोरात ब्रेक लावा. तेवढंच मागणं आहे.

ता. क. दुसरा. वरचं सगळं रद्द समजा, गाडी घेऊ नका. पत्र पर्समध्येच राहिलं आणि आज दुकान उघडतोय तोच भोवरा गिऱ्हाईक घेऊन दारात. उंच माणूस, त्याने गाडीच्या दाराला हात घातलेलाच होता. मी काचेचा दरवाजा तसाच टाकून धावले आणि त्याच्या आधी आत जाऊन बसले, चालवायच्या जागेवर. म्हटलं, ही मी घेतली. (लायसन आहे माझ्याकडे. यांनीच शिकवलं होतं. ती आठवण कोण घेऊन गेलं त्याचा अजून पत्ता नाही.) खळगा मला मोठा होतो. पाठ टेकली तर गार लागलं, मग नाही लागलं. यांनी काही हरकत घेतली नाही. सभ्यपणे शेजारी येऊन बसले, पट्टा लावला, म्हणाले, चला, बघू कशी चालते.

बाजाराच्या वळणावर एक सायकल आडवी आली. मी ब्रेक दाबला. आणि वन्सं, माझा हात गेला. मी घातला नाही, गेला. त्यांच्या छातीवर, सरळ आडवा, असा की तो मलाही हलवता येईना. त्यांचं काळीज हाताखाली धडधडत होतं. सायकल निघून गेली, मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, आणि ते मान खाली घालून त्या हाताकडे बघत राहिले. मग फार हळू आवाजात त्यांनी विचारलं, ही सवय कुणाची हो?

मी म्हटलं, आमच्या ह्यांची.

मग म्हणाले, तुमच्यावर फार जीव असणार त्यांचा.