चौथा रकाना

६ जानेवारी

— वीस. वीस. पंधरा. वीस. वीस. श्रीदेवी वाचत गेली, मी लॅपटॉपवर भरत गेले. अठ्ठाविसाव्या घरावर ती थांबली.

"अगं, घरी बसून भरलेस का हे फॉर्म? सगळ्यांकडे वीसच मेंढरं?"

वाच पुढं, म्हटलं.

श्रीदेवी माझ्याच खोलीत राहते. अक्कलकोटची. संख्याशास्त्र शिकते, म्हणून तिला सगळीकडे खोट दिसते! एक्केचाळीस घरं झाली. चौथ्या रकान्याची बेरीज — सातशे चाळीस मेंढ्या. गायरान चारशे एकर.

म्हणजे चराईचा ताण कमी. अडीचशे एकर सौर प्रकल्पाला देता येईल, बाकी चरायला पुरेल. प्रबंध इथवर आलाच होता, आकडा तेवढा हवा होता. आला.

७ जानेवारी

हत्तुरे सर खूश. मार्गदर्शक झाल्यापासून पहिल्यांदाच. "इतका स्वच्छ तक्ता क्वचित मिळतो. सरपंचांना पाठव. धोरणाचा अभ्यास असा उपयोगी पडायला हवा."

पाठवला. सव्वीसच्या ग्रामसभेत गायरानाचा ठराव आहे. सरपंच अभिमन्यू माझ्याच वयाचा. त्यानं आधी अंगठा पाठवला, मग लिहिलं — ताई, कामच केलंत.

मामाच्या गावाला दिवसा वीज. मराठीत एम.ए. झाल्यावर हे दुसरं एम.ए. कशाला, असं विचारणाऱ्यांना आता सांगता येईल.

११ जानेवारी

दोन फॉर्मांवर सह्या राहिल्या होत्या. मामाकडे आले.

संध्याकाळी दारात चहा घेत उभी होते. मेंढरं परतत होती. बिरप्पा मामाच्या नावापुढे मी वीस लिहिलंय. वीस केव्हाच आत गेली. मागून येतच होती. चहा निवला. अजून येत होती. माझं बोट आपोआप उठलं.

केराबाई मामीनं हातावर फटका मारला. "बोट नगं दाखवू! मोजत्यात व्हय कुणी?"

"मामी, मामानं वीस सांगितली होती."

"मग? इचारणाऱ्याला खरं सांगायचं असतंय व्हय? नजर लागतीया बाई."

"सगळ्यांनी असंच सांगितलं?"

"तू घरची पोर, कागद घिऊन दारात आलीस. तुजं मन मोडू नगं म्हणून वीस तरी सांगितली. दुसरा कोण असता तर धा सांगितली असती!"

मामा हसला.

१२ जानेवारी

मला हे ठाऊक होतं. हे लिहून ठेवलं पाहिजे. ठाऊक होतं.

सहावीत असताना याच दारात कोकरं मोजली म्हणून आज्यानं कान पिळला होता. तो मोजायचा नाही. एक कमी असलं तर कोणतं कमी ते सांगायचा — "कानफुटी मागं ऱ्हायली." प्रत्येकीचं तोंड त्याला पाठ होतं.

बाहेरच्या कुणी ही चूक केली असती तर त्याला माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. मी धनगराची मुलगी. फॉर्ममध्ये रकाना होता म्हणून प्रश्न विचारला. उत्तर मिळालं म्हणून लिहिलं. एक्केचाळीस वेळा!

१३ जानेवारी

सरांना सांगितलं. चिडले नाहीत. "ड्रोन घे. वरून फोटो काढ. दहा मिनिटांचं काम."

"त्यांनी मोजू दिलेलं नाही, सर."

"त्यांना कळणार कसं?"

मी फॉर्म पिशवीत भरले.

"दिपाली, तू सार्वजनिक धोरण शिकतेस. भगतगिरी नाही. एकतीसला प्रबंध द्यायचाय. तक्ता राहू दे, खाली तळटीप टाक. नाहीतर मग जून."

तळटीप कोण वाचतं? ग्रामसभेत तर तळटीप नसतेच. तिथं आकडा वाचतात आणि हात वर होतात.

जून तर जून.

१४ जानेवारी

संक्रांत. अभिमन्यूला लिहिलं — तक्ता चुकलाय, वापरू नका. उत्तर आलं — तिळगूळ घ्या!

१६ जानेवारी

श्रीदेवीला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग कागद ओढला. "मेंढी मोजायची नाही ना? मग जागा मोज."

मामीला फोन केला. रात्री मेंढरं ज्यात कोंडतात ते जाळं, वाघर — त्याची लांबी मोजली तर चालेल का?

"मोज की! जाळ्याला कसली नजर?"

२२ जानेवारी

पाच दिवस पावलांनी वाघरी मोजल्या. एक्केचाळीस घरं. पोटऱ्या भरून आल्यात. लोक आधी लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी महिपती तात्या स्वतःच्या वाघरीबरोबर शेजाऱ्याचीही दाखवायला आले. "हितनं चाल. कोपरा सोडू नगंस." कुणाच्या वाघरीत किती, ते मात्र कुणीच बोललं नाही.

सरकारी मेंढी फार्मवरही जाऊन आले. तिथं कानात बिल्ले असतात, रोज मोजतात. शंभर मेंढ्यांना केवढं जाळं लागतं ते पाहिलं.

हिशेब श्रीदेवीनं केला. दोनदा. साडेतीन हजारांच्या आसपास.

सातशे चाळीस नव्हे. साडेतीन हजार! दीडशे एकरांत ही मेंढरं दोन महिनेसुद्धा तगणार नाहीत. मग विकायची, नाहीतर गाव सोडायचं.

२४ जानेवारी

अभिमन्यूला भेटले. ट्रॅक्टरखाली झोपून काहीतरी दुरुस्त करत होता. तिथूनच बोलला.

"ताई, कागद तुमीच दिला. आता तुमीच फाडा म्हणताय."

"चुकला म्हणून सांगतेय."

"रातच्याला रानाला पाणी पाजायला जातोय आमी. गेल्या साली दोघांना साप चावला. दिवसा लाईट नको व्हय?"

"हवी."

"मग किती एकर द्यायचं ते सांगा की. साठ? शंभर? तुमी शिकलाय."

तो बाहेर आला, हात पुसले. "बघा. न्हाय म्हणायला सोपं असतंय."

खरंय. त्यालाही उत्तर द्यायला हवं. पण आधी खरा आकडा, मग एकर.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. शाळेच्या पटांगणात. ठराव वाचला, माझा तक्ता वाचला. सातशे चाळीस. माझं नाव घेऊन.

उठले. म्हटलं, हा तक्ता चुकीचा आहे, चूक माझी आहे. वाघरींचं सांगितलं. साडेतीन हजार सांगितलं.

ग्रामसेवकानं नीट ऐकून घेतलं. "पावलांवरून काढलेला अंदाज नोंदवता येत नाही, ताई. घरटी आकडा द्या, आत्ता लिहितो. नसेल तर आहे तो तक्ता."

पुरुष जमिनीकडे बघत होते. बायका एका बाजूला, मामी त्यांच्यात.

महिपती तात्या हळूच म्हणाले, "दिपे, तूच लिही काय बी घरटी. वाटून टाक साडेतीन हजार. आमाला तेवढं इचारू नगं."

सोपं होतं. दहा मिनिटांचं काम. म्हटलं, नाही तात्या. मनानं लिहिणार नाही. आणि विचारणारही नाही. तुमच्या दारात एकदा विचारलं तेवढं बास.

अभिमन्यूनं सभा उद्या दहापर्यंत तहकूब केली. "दहापर्यंत घरटी आकडे आले तर नवा तक्ता. न्हाय तर हाच." एवढं त्यानं केलं.

सरांचा निरोप — या सत्रातून तुझं नाव काढलं. बरं, असं लिहून पाठवलं.

घरी मामी भाकरी थापत होती.

२७ जानेवारी

नऊ वाजता पंचायत उघडली. मामी आधीच पायरीवर होती. आत गेली, डोक्यावर पदर ओढला आणि ग्रामसेवकाला मोठ्यानं सांगितलं — एकशे अठरा. त्यानं लिहून घेतलं. तिच्या मागं चौतीस जण उभे होते.