लेयरची शेजारती

२४ ऑगस्ट, रविवार
जयनगरला कृष्णाकाकूंकडे गेलो. बंगळूरला नवा आलो तेव्हा वर्षभर याच घरात जेवलो. भीमाचार्यकाका गेल्यापासून मात्र क्वचितच पाय लागले. मन खात होतं. म्हणून काकूंनी काकांचा फोटो पुढे केला तेव्हा आधी हो म्हटलं, मग ऐकलं. काकांचा हा एकच फोटो, काड्यापेटीएवढा. काकूंना आता धूसर दिसतं. म्हणाल्या, सूर्या, स्वल्प मोठा करून आण रे. उठल्या उठल्या मला हे दिसायला हवेत. बाहेर कुणाला आता द्यायचा नाही. पितृपक्षात दशमीला श्राद्ध आहे, त्याच्या आत आण.
फोटोशॉप येतं म्हणून सांगितलं. येईलच.

२५ ऑगस्ट
ऑफिसच्या स्कॅनरवर फोटो स्कॅन केला. खासगी कामाला ऑफिसचं मशीन! अपराधी वाटलं. स्कॅनरची काच स्वच्छ पुसून ठेवली. फिट्टंफाट.

२८ ऑगस्ट
व्हिडिओ बघून अ‍ॅडजस्टमेंट लेयर शिकलो. मूळ फोटोला हातच लावायचा नाही. त्याच्यावर एक पारदर्शक थर टाकायचा, उजेड आणि रंग त्या थरातच बदलायचे. थराशेजारी एक छोटा डोळा असतो. तो मिटला की थर नाहीसा, खाली मूळ फोटो जसाच्या तसा. वरचं बदलतं, आतलं बदलत नाही. नकळत हात जोडले गेले. सुखदा म्हणाली, अहो, लॅपटॉपला नमस्कार करताय, हँग झाला का?
संकल्प : एकच लेयर. थोडा उजेड. बस.

३१ ऑगस्ट
तीन लेयर झाले. उजेड वाढवला तर चेहरा कळकट दिसायला लागला, म्हणून रंगाचा टाकला. मग कर्व्ह्जचा. त्यात काका जरा उजळले. काका सावळेसुद्धा नव्हते, काळेच होते. पण कृष्णही काळाच, तरी कॅलेंडरवर त्याला निळा करतातच ना?
तरी मनाला लागलं. उपाय सापडला. रात्री देवाची शेजारती झाली की लेयरचीही करायची. सगळे डोळे मिटायचे, मूळ काकांचं दर्शन घ्यायचं, सेव्ह करून लॅपटॉप बंद. सकाळी पूजेनंतर डोळे उघडायचे. दिवसभराचा दोष त्यात जातो.

६ सप्टेंबर
काकांच्या डाव्या गालावर भाजल्याचा डाग आहे. तेवढ्याच जागेपुरता एक लेयर टाकून डाग फिका केला. मग अजून फिका. आता दिसतच नाही. काका बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झाल्यासारखे वाटतात. सुखदाला दाखवलं. हे कोण, म्हणाली. सांगितल्यावर म्हणाली, अहो, हे सिरियलमधले सासरे दिसतात. तिला कलेतलं कळत नाही.
लेयर किती झाले ते मोजलं नाही. शेजारती केली.

१३ सप्टेंबर
काकूंचा फोन. भिंतीला खिळा मारून घेतलाय म्हणे. रोज सकाळी खिळ्याकडे बघते, कधी आणतोस? झालंच, फिनिशिंग चाललंय, असं मी म्हणालो. तीन आठवडे त्या खिळ्याकडे बघतायत आणि मी काकांना गोरं करतोय. जेवण गेलं नाही. म्हणजे थोडं गेलं.

१४ सप्टेंबर
शेजारती करून लॅपटॉप मिटणार तोच आठवलं, छापायच्या फाइलचं एक्सपोर्ट राहिलं. लगेच केलं. लॅबला पाठवलं. आता कसं मोकळं वाटतंय.

१५ सप्टेंबर
फ्रेम आणली. पॅकिंग इतकं सुबक होतं की उघडवेना. माझ्या कामावर माझा विश्वास आहे.

१६ सप्टेंबर, दशमी
काकूंनी कागद फाडला. आत काका. काळेभोर. गालावर डाग, बशीएवढ्या चेहऱ्यावर लख्ख. तेव्हा उमगलं, लेयरचे सगळे डोळे मिटलेले असतानाच एक्सपोर्ट केलं. नुसता स्कॅन मोठा होऊन आला होता.
काकूंनी फ्रेम नाकाजवळ धरली. बोट बरोबर त्या डागावर गेलं. म्हणाल्या, हा ठेवलास रे. लग्नानंतर माझी पहिली फोडणी उडाली होती यांच्या गालावर. सासूबाईंना म्हणाले, पणतीनं भाजलं. शेवटपर्यंत तेच सांगत राहिले. मागे आमच्या श्रीवत्सनं मोठा करून आणला तर त्या फोटोवाल्यानं यांना गोरं केलं, डाग पुसला. मी म्हटलं, हे कोण गृहस्थ? परत ने. तुला मात्र हात आवरता आला.
मुद्दामच ठेवला काकू, असं मी बोलून गेलो. श्राद्धाच्या दिवशी, काकांच्या समोर. सुखदाला ठसका लागला. त्यांचा मुलगा श्रीवत्स म्हणाला, अण्णा, प्रोफेशनल काम आहे. पानात अजून दोन वडे पडले. नको म्हणायचं तोंड नव्हतं. खाल्ले.

१८ सप्टेंबर
खरं सांगायचंच, असं ठरवून जयनगरला गेलो. तोंड उघडायच्या आत काकूंनी स्वतःचा फोटो हातात ठेवला. म्हणाल्या, माझाही करून ठेव. यांच्या शेजारी दुसरा खिळा मारलाय. मी असेन तोवर रिकामा राहू दे. काकांसारखाच कर, काही पुसू नकोस. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही.
सरी, बरं, म्हणालो. चहा प्यायलो. परत आलो.
संकल्प : नुसता स्कॅन, नुसता एक्सपोर्ट. काकूंच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही.

१९ सप्टेंबर
स्कॅन झाला. नाकाच्या डाव्या बाजूला जरा सावली आहे. एकच लेयर टाकलाय, अगदी हलका. डोळा मिटून ठेवलाय.