मधली भिंत पाडण्याबाबत

प्रिय धाकटीस,

तुझ्या लेकीला मी संमतीपत्रावर सही दिली नाही आणि ती रागावून निघून गेली, म्हणून हे पत्र. तिने तुला फोन केलाच असेल. तिची बाजू तुझ्यापर्यंत पोचली, आता माझी वाच. आपण दोघी जावा एकमेकींना पत्रं लिहिणाऱ्यांतल्या नाही, बोलणाऱ्यांतल्याही नाही, त्यामुळे वरचा मायना लिहितानाच माझं पेन अडलं होतं. पण फोनवर मला जमणार नाही. फोनवर माणूस मध्येच बोलतो.

आधी नगरपालिकेचं. जुन्या पेठेत आता निम्मी शटरं दिवसाही खालीच असतात. गिऱ्हाईक बाहेरच्या मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानांत गेलं, ते काही परत आलं नाही. म्हणून पालिकेने योजना काढली आहे. जुनी इमारत दुरुस्त करा, निम्मा खर्च आम्ही परत देऊ. बंद गाळ्यात नवा धंदा सुरू करा, पाच वर्षं करात सवलत देऊ. तुझ्या लेकीने हे वाचलं आणि नोकरी सोडली. तुमच्या गाळ्यात शिवणाची कार्यशाळा काढायची म्हणते. पोर हुशार आहे, हिशेबाला पक्की आहे, तिचं जमेल. मात्र योजनेला एक अट आहे. इमारत पूर्वी होती तशीच दिसली पाहिजे. पालिकेचा इंजिनीअर जुना फोटो घेऊन आला होता. त्यात आपल्या दुकानाला एकच रुंद दार आहे, वर कमान, आणि दारात सासरे उभे. आता त्या कमानीच्या बरोबर मधून भिंत जाते, अर्धी कमान तुमच्याकडे, अर्धी आमच्याकडे. इंजिनीअर म्हणाला, भिंत पाडायची, दोन्ही मालकांची सही लागेल, मुदत महिनाअखेर. सही नाही तर पैसे नाहीत. आणि पैसे नाहीत तर वरचा सज्जा, जो आत्ता लाकडी टेकूंवर उभा आहे, तो दुरुस्त व्हायचा नाही. मग इमारत धोकादायक ठरवून सगळ्यांनाच बाहेर काढतील. मला हे सगळं पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी विचार करून सांगते म्हणाले.

तीन वेळा ती आली, तीन वेळा मी तेच म्हणाले. शेवटी परवा ती काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाली, “काकू, भांडणारे दोघे. त्यातला एक गेला, एक विसरला. तुम्ही कुणाचं भांडण सांभाळत बसलात?” मी तिला चहा विचारला. ती चहा न घेताच गेली. बोलणं अगदी तुझ्यावर गेलंय, हे तुला आवडलं नाही तरी सांगते.

भांडण मी सांभाळत नव्हते. ते कशावरून झालं हे मला आज धड सांगताही येणार नाही. आठवतं ते एवढंच की मामंजींनी वाटणी केली आणि इतकी चोख केली की बटणं आमच्याकडे आली आणि दोरे तुमच्याकडे गेले. शिंपी आमच्याकडून बटण घ्यायचा आणि त्याला जुळणारा दोरा बघायला पायरी उतरून तुमच्या दारात यायचा. सगळी पेठ हसायची. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण गिऱ्हाइकाच्या तोंडून सगळा कारभार चालायचा. हे इकडून म्हणायचे, त्याला सांगा जांभळा मागवून ठेव, लग्नसराईत लागेल. तिकडून निरोप यायचा, दादाला सांगा मला शिकवू नको. आणि जांभळा मागवलेला असायचा.

मामंजींनी आणखी एक अट घातली होती, ती तुला आठवत असेल. कुणी कुणाच्या मागे दुकान उघडं ठेवायचं नाही, म्हणजे शेवटचं गिऱ्हाईक कुणी पळवलं अशी तक्रार नको. म्हणून संध्याकाळी हे भिंतीवर दोनदा ठोकायचे, तिकडून भाऊजी दोनदा ठोकायचे, आणि दोन्ही शटरं एकदम खाली यायची. इतक्या वर्षांत एकमेकांच्या तापात, बाळंतपणात कुणी विचारपूस केली नाही, पण हे ठोकणं चुकलं नाही. तू आतून ते ऐकलं असशीलच. मला तर संध्याकाळ झाली हे त्यावरूनच कळायचं.

भाऊजी गेले तेव्हा खांदा द्यायला हे पुढे होते, तू पाहिलंस. त्यानंतर यांनी ठोकणं बंद केलं. तू तुझ्या मुलाकडे राहायला गेलीस, जाताना गाळ्याची किल्ली माझ्या काउंटरवर ठेवलीस आणि पाण्याच्या मीटरकडे बघा एवढंच म्हणालीस. तेवढंच आपलं बोलणं.

यांचा विसराळूपणा मागच्या वर्षी वाढला. आधी भाव विसरले, मग पेटीतल्या बटणांच्या जागा, मग शेजारच्या दुकानदाराला पाहुणे समजायला लागले. हे चारचौघांच्या घरी होतं, त्याचं मी काही सांगत बसत नाही. पण एका संध्याकाळी हे उठले आणि जाऊन भिंतीवर दोनदा ठोकलं. मी हातातलं काम सोडून बघत राहिले. तिकडून कुठून आवाज येणार? हे उभेच. मी शटर ओढायला गेले तर हात धरला. म्हणाले, थांब, बाळ्याकडे गिऱ्हाईक असेल अजून. समोरचे दिवे लागले, रस्ता रिकामा झाला, तरी हलेनात. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच. मी खरं सांगितलं. ते ऐकून हे लहान मुलासारखे रडले, आत्ताच कळल्यासारखे. सकाळी सगळं पुसलेलं, आणि संध्याकाळी पुन्हा भिंतीपाशी. धाकटे, माणसाला त्याचा भाऊ गेल्याचं किती वेळा सांगायचं?

तिसऱ्या दिवशी मी तुझी किल्ली घेतली. दूध आणते म्हणून बाहेर पडले, तुमचं कुलूप काढलं आणि भाऊजींच्या खुर्चीत बसले. ज्या माणसाशी मी उभ्या आयुष्यात धड बोलले नाही, त्याच्या खुर्चीत. इकडून आवाज आला, मी तिकडून दोनदा ठोकलं. परत आले तर शटर खाली होतं, हे हात धुऊन ताटाशी बसले होते, आणि म्हणाले, आज बाळ्याने लवकर आटपलं.

तेव्हापासून रोज. पावसात, तापात, गुडघा सुजला होता तेव्हाही. एकदा यांनीच विचारलं, तू रोज दुधाला जातेस आणि दूध काही आणत नाहीस, दूधवाल्याकडे असं काय आहे? मी म्हटलं, दूध संपलं होतं. त्यावर गालातल्या गालात हसले. तेवढ्यापुरते जुने हे परत आले होते.

आता तुला कळलं असेल की भिंत का हवी होती. ती पाडली की पलीकडे रिकामी खोली दिसणार, आणि भाऊजी कुठेत हे रोज उजेडात विचारलं जाणार. हे मी तुझ्या लेकीला सांगू शकले असते. सांगितलं नाही, कारण तिने लगेच मुदत सोडून दिली असती, नोकरीही गेलेली, आणि सज्जा पडला असता तो वेगळाच. शिवाय माझी कुणी कीव केलेली मला सोसत नाही. इंजिनीअरला मुदत वाढवून मिळेल का विचारायला मी पालिकेत जाऊन आले. बाकावर दुपार घालवली. तिथल्या बाईंनी कारण विचारलं. घरगुती, म्हटलं. त्यांनी नकाराची मान हलवली.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. गेल्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे तुमच्या गाळ्यात जाऊन बसले. ठोकण्याची वाट पाहिली. रस्त्यावरचे दिवे लागले तरी इकडून आवाज नाही. मला वाटलं पडले बिडले. धावत आले तर हे खुर्चीत शांत बसलेले, शटर उघडं, भिंतीकडे पाठ. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. काल मीच न राहवून म्हटलं, ठोकायचं नाही का? कुणाला, म्हणाले. मी म्हटलं, बाळ्याला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओळख नसलेल्या माणसाशी आपण आदराने बोलतो तसं बोलले. म्हणाले, “बाई, मला भाऊ नाही.” तेव्हा ती भिंत आता नुसती भिंत आहे. तिचा कुणाला उपयोग उरलेला नाही. पाडा. मी आज सही केली. काम चालू असेपर्यंत आम्ही दोघं माझ्या बहिणीकडे राहू. तू ये असं मी म्हणत नाही, तुझा तू निर्णय घे. पण मजूर पहिला घाव घालतील तेव्हा तुमच्या बाजूला घरचं कुणीतरी असावं असं मला वाटतं. मी आमच्या बाजूला असेन.

तुझीच,
थोरली

ता.क. तुझ्या लेकीकडे आज सुपूर्द केलं ते असं. संमतीपत्र, सही केलेलं, दोन प्रती. आमच्या गाळ्याची मालकीची कागदपत्रं, मूळ. सासऱ्यांचा दारातला फोटो, इंजिनीअरकडून मागून घेतलेला. बटणांच्या पेट्या, भरलेल्या, तिच्या कार्यशाळेसाठी. त्यांचे पैसे मी घेणार नाही. तुमच्या गाळ्याची किल्ली. आतला दिवा लागतो, बल्ब मी बदलला होता.