भायाचा लोखंडी कूलर

१२ एप्रिल

आज पुन्हा झिणझिण्या. कूलरची कड पुसत होते, बोटापासून कोपरापर्यंत मुंग्या धावल्या. फडकं हातातून गळून पडलं. भायाला, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, सांगितलं तर म्हणतो, बाया अनवाणी फिरतात म्हणून शॉक बसतो, चप्पल घालत जा.

समोर मी त्याला दादा म्हणते. इथं न्हाई म्हणणार. इथं तो नुसता रायभान.

१३ एप्रिल

अंगद सुट्टीला आल्ता. जालन्याला बियाण्याच्या कंपनीत गाडी चालवतो, आठवड्यातून एकदा घरी येतो, आला की थोरल्या भावासमोर मान खाली. नवरा असून उपयोग न्हाई. मंग मीच बद्रीनाथ वायरमनला बोलावलं.

त्यानं टेस्टर लावला — कूलरच्या पत्र्यावर दिवा पेटला. आत मोटारीची वायर घासून उघडी पडलेली. प्लगची तिसरी पिनच न्हाई, म्हणजे अर्थिंग कुठून मिळणार. आणि करंट गळला की आपोआप लाईट तोडणारं जे बटण मीटरजवळ असतं, ते रायभाननं मागच्या उन्हाळ्यात काढून टाकून वायर डायरेक्ट जोडलेली. का? तर ते सारखं पडायचं म्हणून. अरे, पडायसाठीच बसवलं होतं ते!

बद्रीनाथनं पेचकस काढला तेवढ्यात रायभान घरापुढच्या त्याच्या प्रसादाच्या दुकानातून आला. म्हणाला, "माझ्या घरात मला विचारल्याबिगर कशाला हात लावायचा न्हाई." बद्रीनाथ गेला. अंगदनं मान खाली घातली. आणि माझी जाऊ, गोपिकाबाई, दारात उभी राहून काय म्हणते — "इतकी वर्षं झाली, कुणी मेलं न्हाई. हिलाच बरा शॉक बसतो."

नवऱ्याचा पोपट.

१४ एप्रिल

जाऊ बोलत न्हाई. बरंच झालं.

१९ एप्रिल

मी गावची आशा सेविका. लोकांच्या घरी जाऊन सांगते, आणि लोक ऐकतात. आज वरच्या गल्लीतल्या बायांना उन्हाळ्याचं सांगितलं. ओआरएस झालं, मंग कूलरचं. पाणी भरायच्या आधी बटण बंद, नुसतं बंद न्हाई, प्लग उपसायचा. कुणी चिकटलं तर त्याला धरायचं न्हाई, आपणही चिकटतो. आधी मेन स्विच पाडायचा. ते जमलं न्हाई तर कोरड्या लाकडावर उभं राहून कोरड्या काठीनं ढकलायचं.

एक बाई हसून म्हणाली, तुमच्याकडं तर लोखंडीच कूलर हाये ना, आशाताई? तोंड लपवून आले.

घरी येऊन मेन स्विच बघितला. तो दुकानाच्या मागच्या खोलीत, चिरमुऱ्याच्या पोत्यांआड. हात पोचत न्हाई. मी एक पोतं ओढून बाजूला केलं. रायभाननं ते बायकोकडून परत तिथंच ठेवून घेतलं. दोन दिवसाच्या ट्रेनिंगवर मला शहाणपण शिकवू नको, म्हणाला. तिनं पण मुकाट ठेवलं. कमरेत वाकून, दोन्ही हातांनी.

२४ एप्रिल

ऊन नुसतं जाळून राह्यलं. मी कूलरला शिवत न्हाई. पाणी जाऊच भरते, चालू कूलरमधे. भरू दे. कुणाला तरी चटका बसल्याबिगर या घराला अक्कल येणार न्हाई.

२ मे

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिते.

दुपारी मी स्वयंपाकघरात. अंगणात बादली पडल्याचा आवाज झाला. मंग काहीच न्हाई. बघते तर गोपिकाबाई कूलरला धरून उभी. उभी कसली, चिकटलेली. तोंड वाकडं, आवाज फुटत न्हाई, पायाखाली सगळं पाणी.

धावत जाऊन तिला ओढावं, असंच वाटलं. पाय उचललाही होता. मंग आठवलं — धरायचं न्हाई. मेन पोत्यांआड. प्लग खिडकीच्या आत, रायभानच्या खोलीत, अंगणाकडचं दार आतून लावलेलं, तो आत झोपलेला. मी ओरडले. उठला न्हाई.

धुणं वाळवायची बांबूची काठी भिंतीला होती. देवापुढचा पाट आणून टाकला, त्यावर उभी राह्यले आणि तिच्या मनगटावर काठी हाणली. सुटली न्हाई. पुन्हा हाणली, जीव खाऊन. ती मागं कोसळली.

श्वास न्हाई. कोरड्या जागी ओढली, छातीच्या मधोमध तळहात ठेवून दाबत राह्यले. शिकवल्यासारखं, जोरात, न थांबता. बरगडी मोडली तर मोडू दे. ह्या बाईचा मला किती राग येतो, आणि मी तिच्यावर वाकून म्हणत होते, बाई, उठा, उठा ना बाई.

खोकली. डोळे उघडले.

तोवर रायभान बाहेर आला. त्याचं पहिलं वाक्य — "ओल्या हातानं हात लावायला कुणी सांगितलं होतं हिला?"

शेजारच्या कचरूनं जीप काढली. जालन्याला आणलं.

३ मे

दवाखाना. डॉक्टर म्हणाले, शॉकनंतर माणूस बोलतं-चालतं दिसलं तरी हृदयावर लक्ष ठेवावं लागतं. छातीला मशीनच्या तारा लावून ठेवल्यात. तळहात भाजलाय.

बघायला येणाऱ्यांना रायभान सांगून राह्यला, राजूरच्या गणपतीनं वाचवलं. मी तिथंच स्टुलावर बसलेले.

तो चहाला गेल्यावर जावेनं मनगटावरचा काळानिळा वळ पाह्यला. विचारलं, "काठी तू हाणलीस?"

"हो."

"बरा राग काढून घेतलास."

चेष्टा होती की टोमणा, कळलं न्हाई.

४ मे

कपडे न्यायला घरी आले. तिकडं बायको दवाखान्यात, आणि हा आत कूलर लावून झोपलेला.

६ मे

तिला घरी आणलं. हाताला पट्टी, चेहरा अजून पांढरा. टेकली न टेकली तोच रायभान आतून म्हणाला, "कूलरचं पाणी संपलं. भर जरा."

ती बादलीकडं बघत राह्यली. उठायलाच लागली होती!

मी रायभानच्या खोलीत शिरले, प्लग उपसला, पक्कड घेतली आणि कूलरची वायर कापली. तो अंगावर आला. "निघ माझ्या घरातून." जालन्याहून आमच्याबरोबर आलेला अंगद दारातच होता. मला वाटलं, आता मान खाली घालेल. तो म्हणाला, "निघतो, दादा. बिलकुल निघतो."

संध्याकाळी रायभाननं टेप गुंडाळून वायर पुन्हा जोडली.

९ मे

गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या मिळाल्या. बद्रीनाथकडून आधी सगळं बघून घेतलं — अर्थिंग, बटण, सगळं बराबर.

जाऊ दिवसभर खोलीतून बाहेर आली न्हाई. निरोप घ्यायला मी पण गेले न्हाई.

११ मे

टेम्पोत सामान चढलं. अंगद पुढं, मी मागं गादीच्या वळकटीवर. टेम्पो सुरू झाला तेवढ्यात गोपिकाबाई घरातून आली, काखेत कपड्यांचं बोचकं. मागं वळून पाह्यलं न्हाई. मी हात दिला. चढली आणि म्हणाली, "सरक."

सरकले.